वाळलेली वैरण : वर्षायू गवतांवरील नायट्रोजनयुक्त खतांचे परिणाम

वर्षायू (एकाच हंगामात वाढून, फुलून व बी धरून संपणारी) गवते हिरवी असताना कापून उन्हात वाळविली म्हणजे वर्षभर साठविता येण्याजोगी वैरण मिळते. ओट, इटालियन राय गवत, सुदान गवत, चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी व बाजरी, राळा, टेफ इ. गवतांचा या कामी उपयोग केला जातो. कापणीच्या वेळी या गवतांत ७५ ते ८० टक्के पाणी असते. ते १५ ते १८ टक्क्यांपर्यंत खाली आल्यावर वैरण गंजी घालण्यास वा गासड्या बांधण्यास योग्य होते. दाणे काढून घेतल्यावर उरणारा ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड यांहून ही वैरण वेगळी आहे. कारण ती दाण्यासाठी नव्हे, तर पाने व कोवळी खोडे यांसाठी घेतलेली असते.

शिंबावंत (द्विदल शेंगांच्या) पिकांप्रमाणे गवतांच्या मुळांवर हवेतील नायट्रोजन स्थिर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या गाठी नसतात. त्यामुळे गवतांची वाढ जमिनीतील उपलब्ध नायट्रोजनावर अवलंबून असते आणि बहुतेक जमिनींत तोच सर्वांत कमी पडतो. नायट्रोजनयुक्त खताला गवते इतर कोणत्याही पोषकद्रव्यापेक्षा लवकर व ठळक प्रतिसाद देतात. तथापि वैरणीचे वजन वाढणे, तिची प्रत सुधारणे व ती जनावरांना निर्धोक असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी असून खताच्या वाढत्या मात्रेबरोबर त्या सारख्याच वेगाने पुढे जात नाहीत. खताची योग्य मात्रा ठरविताना या तिन्हींचा मेळ घालावा लागतो.

उत्पादनावरील परिणाम : नायट्रोजन मिळाल्यावर गवताला अधिक फुटवे येतात, पाने रुंद व लांब होतात, पानांतील हरितद्रव्य वाढते आणि जमीन लवकर झाकली जाऊन सूर्यप्रकाशाचा पुरेपूर उपयोग होतो. पाणी, फॉस्फरस व पोटॅशियम यांची वाण नसेल, तर पहिल्या मध्यम मात्रेस दर किग्रॅ. नायट्रोजनामागे सामान्यतः १५ ते २५ किग्रॅ. शुष्क पदार्थ जास्त मिळतो. मात्रा वाढवीत गेल्यास मात्र दर जादा किग्रॅ. मागे मिळणारी वाढ घटत जाते. जर्मन कृषिशास्त्रज्ञ ई. ए. मिचरलिख यांनी १९०९ मध्ये गणिती रूपात मांडलेल्या घटत्या प्रतिसादाच्या नियमाचे हे उत्तम उदाहरण आहे.

हा नियम स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खत न दिलेल्या ओटापासून हेक्टरी ३ टन शुष्क पदार्थ मिळतो असे समजा. ६० किग्रॅ. नायट्रोजन दिल्यावर उत्पादन ४.५ टन, १२० किग्रॅ. दिल्यावर ५.४ टन व १८० किग्रॅ. दिल्यावर ५.६ टन झाले. म्हणजे पहिल्या ६० किग्रॅ.ने दर किग्रॅ. मागे २५ किग्रॅ., दुसऱ्याने १५ किग्रॅ. व तिसऱ्याने केवळ ३.३ किग्रॅ. वाढ दिली. एक किग्रॅ. नायट्रोजनाला पडणारा खर्च ४ किग्रॅ. वैरणीच्या किंमतीइतका असेल, तर तिसरी मात्रा विक्रीच्या दृष्टीने तोट्याची ठरते. जास्तीत जास्त उत्पादन देणारी मात्रा व जास्तीत जास्त फायदा देणारी मात्रा या दोन भिन्न असतात आणि दुसरी नेहमीच पहिलीपेक्षा कमी असते.

पाण्याअभावी हा सर्व हिशेब बदलतो. कोरडवाहू पिकात पावसाने ताण दिल्यास मुळांना नायट्रोजन घेता येतो, पण त्याचे रूपांतर वाढीत होत नाही. उलट अति मात्रेने खोडे लांब, लुसलुशीत व कमकुवत होऊन पीक लोळते. लोळलेल्या पिकाचा तळ कुजतो, कापणी अवघड होते व वैरणीत माती मिसळते.

प्रथिनांवरील परिणाम : वैरणीतील एकूण नायट्रोजन मोजून त्यास ६.२५ ने गुणले म्हणजे क्रूड प्रथिनांचे प्रमाण मिळते. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, या गृहीतावर हा गुणक आधारलेला आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधून काढलेली नायट्रोजन-मापनाची पद्धत थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. क्रूड प्रथिनांच्या आकड्यात खऱ्या प्रथिनांबरोबर मुक्त ॲमिनो अम्ले, अमाइडे व इतर नायट्रोजनी संयुगेही मोडतात, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

वाढत्या मात्रेला गवताचा प्रतिसाद स्थूलमानाने तीन टप्प्यांत होतो. (१) नायट्रोजनाची तीव्र उणीव असलेल्या जमिनीत लहान मात्रा दिल्यास तो सर्व नायट्रोजन नव्या वाढीत वाटला जातो. वैरण पुष्कळ वाढते, पण प्रथिनांचे शेकडा प्रमाण जेमतेम तेवढेच राहते, क्वचित घटतेही. (२) मध्यम मात्रेस उत्पादन व प्रथिनांचे प्रमाण दोन्ही वाढतात. (३) उत्पादनाची वाढ थांबल्यावरही मुळे नायट्रोजन घेतच राहतात. त्यामुळे प्रथिनांचा आकडा चढतच राहतो. या तिसऱ्या टप्प्यात वाढलेल्या नायट्रोजनाचा बराच भाग खऱ्या प्रथिनांत नसून नायट्रेट व इतर साध्या संयुगांच्या रूपात असतो.

वरील उदाहरणात चारही उत्पादनांतील क्रूड प्रथिने अनुक्रमे ८, ८.५, १०.५ व १२.५ टक्के धरली, तर हेक्टरी प्रथिने सु. २४०, ३८०, ५६५ व ७०० किग्रॅ. होतात. वैरण विकणाऱ्यास शेवटच्या मात्रेचा काहीच लाभ नाही; आपल्याच दुभत्या जनावरांना ती घालणाऱ्यास मात्र हेक्टरी सु. १३३ किग्रॅ. जादा प्रथिनांमुळे पेंडीची बचत होईल असे वाटेल. परंतु तो आकडा क्रूड प्रथिनांचा आहे. त्यातील खरी प्रथिने त्याहून कमी असल्याने प्रत्यक्ष बचतही कमी असते.

कापणीच्या अवस्थेचे महत्त्व : गवत जसजसे वाढते तसतसे त्यातील पानांचे प्रमाण घटते व आधार देणाऱ्या खोडाचे वाढते. साहजिकच शुष्क पदार्थातील नायट्रोजनाचे प्रमाणही उतरते. जी. लमेर व जे. सालेट या फ्रेंच संशोधकांनी १९८४ मध्ये समशीतोष्ण गवतांसाठी या घटीचे सूत्र मांडले. त्यानुसार पूर्ण वाढीसाठी हेक्टरी १ टन शुष्क पदार्थ असताना गवतात सु. ४.८ टक्के, ३ टन असताना सु. ३.४ टक्के व ६ टन असताना सु. २.७ टक्के नायट्रोजन आवश्यक असतो. ज्वारी, बाजरी, सुदान गवत यांसारख्या उष्ण प्रदेशीय गवतांची गरज याहून कमी असून ६ टन वाढीस ती सु. २ टक्के असते. त्यामुळे वेगवेगळ्या वाढीच्या दोन पिकांतील प्रथिनांची तुलना करून त्यातील फरकाचे श्रेय केवळ खताला देणे योग्य नाही.

पचनीयतेच्या बाबतीत तर खताचा परिणाम अल्प व कापणीच्या वेळेचा परिणाम फार मोठा असतो. समशीतोष्ण गवतांची पचनीयता लोंब्या बाहेर पडू लागल्यानंतर दररोज सु. अर्धा टक्का घटते; कारण खोडातील सेल्युलोजाभोवती लिग्निनाचे कवच घट्ट होत जाते. नायट्रोजन भरपूर देऊन दोन आठवडे उशिरा कापलेली वैरण कमी खत दिलेल्या, पण वेळेवर कापलेल्या वैरणीहून निकृष्ट ठरू शकते. ओट पोटरीत असताना कापल्यास वैरण पौष्टिक, पण कमी मिळते. दाणे दुधात येईपर्यंत थांबल्यास वजन जास्त, पण प्रथिने कमी मिळतात. सर्वसाधारणपणे निम्मे पीक फुलोऱ्यात येण्याचा सुमार हा दोहोंचा मध्य मानला जातो.

नायट्रोजनामुळे गवतातील विद्राव्य शर्करांचे प्रमाण घटते. कारण त्या प्रथिने तयार करण्यात व नव्या वाढीत खर्ची पडतात. शिवाय भरघोस व पाणीदार पीक वाळण्यास अधिक वेळ घेते. जाड खोडे ओली असतानाच पाने कुरकुरीत होऊन गळतात व पौष्टिक भाग शेतातच राहतो. पुरेशी न वाळलेली वैरण गंजीत तापते, तिला बुरशी लागते व कधीकधी गंजी आपोआप पेट घेते. म्हणून जास्त खत दिलेल्या पिकाची कापलेली ओळ पातळ पसरणे व उलटविणे आवश्यक असते.

नायट्रेटाचा साठा व विषबाधा : मुळांनी घेतलेले नायट्रेट पानांत नायट्रेट रिडक्टेज या एंझाइमाच्या साहाय्याने प्रथम नायट्राइटात व नंतर अमोनियात रूपांतरित होते आणि मग त्यापासून प्रथिने बनतात. या रूपांतरास सूर्यप्रकाश व मॉलिब्डेनम लागतात. अवर्षण, सतत ढगाळ हवा, थंडीचा कडाका, तणनाशकाचा आघात किंवा गंधकाची उणीव यांमुळे हे रूपांतर मंदावते. मुळांकडून होणारा पुरवठा मात्र चालू राहतो. अशा वेळी नायट्रेट खोडात साठते. त्याचे प्रमाण बुंध्याजवळच्या भागात सर्वाधिक, पानांत कमी व दाण्यांत नगण्य असते. अवर्षणानंतर पहिला चांगला पाऊस पडला की मुळे एकदम नायट्रेट ओढून घेतात. त्यामुळे पावसानंतरचे काही दिवस विशेष धोक्याचे असतात.

जनावराच्या रोमंथिकेत (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) सूक्ष्मजंतू नायट्रेटाचे नायट्राइट व नायट्राइटाचा अमोनिया करतात. नायट्रेट थोडे असल्यास अमोनियाचा उपयोग होऊन जातो. ते फार असल्यास नायट्राइट साचून रक्तात शोषले जाते व हीमोग्लोबिनाचे मेथेमोग्लोबिनात रूपांतर करते. मेथेमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. जनावर धापा टाकते, झोकांड्या देते. डोळ्यांच्या व तोंडाच्या आतील त्वचा तपकिरी-निळसर दिसते, रक्त चॉकलेटी होते आणि काही तासांतच मृत्यू ओढवू शकतो. गाभण जनावरे वाचली तरी गाभडतात. पशुवैद्याने मिथिलीन ब्ल्यू हे औषध वेळीच शिरेतून दिल्यास जनावर बचावते.

अमेरिकेतील कॅनझस राज्यात एन. एस. मेयो यांनी १८९५ मध्ये मक्याच्या वैरणीने गुरे दगावल्याचे कारण तिच्यातील पोटॅशियम नायट्रेट हे असल्याचे नोंदविले होते. १९३० नंतरच्या दशकात कोलोरॅडो व वायोमिंग या राज्यांत ओटाची वाळलेली वैरण खाऊन गुरे मरू लागली व त्या विकारास ‘ओट-वैरण विषबाधा’ असेच नाव पडले. डब्ल्यू. बी. ब्रॅडली, एच. एफ. एप्सन व ओ. ए. बीथ यांनी १९३९-४० मध्ये या विषबाधेचे कारण नायट्रेट असल्याचे दाखवून दिले. रासायनिक नायट्रोजनी खतांचा वापर फार वाढण्यापूर्वीच्या या घटना असल्याने सुपीक जमीन व प्रतिकूल हवामान यांतूनही नायट्रेट साठते, हे स्पष्ट होते. खताच्या अति मात्रेने ती शक्यता अनेक पटींनी वाढते. शेणखत व कोंबडीखत यांच्या जादा वापरानेही हाच परिणाम होतो.

वाळविल्याने नायट्रेट कमी होत नाही, ही बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोवळ्या ज्वारीत व सुदान गवतात असणारे हायड्रोसायानिक अम्लजनक द्रव्यही नायट्रोजनाने वाढते, परंतु नीट वाळविताना त्याचा मोठा भाग नष्ट होतो. नायट्रेटाचे तसे नसून ते वैरणीत महिनोगणती टिकते. वाळलेली वैरण पावसाने भिजल्यास सूक्ष्मजंतूंमुळे त्याचे अधिक विषारी नायट्राइटात गंजीतच रूपांतर होऊ शकते. मुरघास करताना मात्र किण्वनात नायट्रेटाचा सु. एकतृतीयांश ते निम्मा वा त्याहून अधिक भाग नाहीसा होतो. म्हणून संशयास्पद पिकाची वैरण वाळविण्यापेक्षा मुरघास करणे श्रेयस्कर असते.

शुष्क पदार्थात नायट्रेट-नायट्रोजन ०.१ टक्क्यापेक्षा कमी असल्यास वैरण सामान्यतः निर्धोक समजतात. ०.१ ते ०.२ टक्के असल्यास गाभण जनावरांना ती निम्म्याहून जास्त देऊ नये. ०.२ ते ०.४ टक्के असल्यास ती दुसऱ्या निर्धोक वैरणीत मिसळून मर्यादित प्रमाणातच घालावी व ०.४ टक्क्याहून अधिक असल्यास घालू नये. काही प्रयोगशाळा हे प्रमाण नायट्रेट-नायट्रोजनाऐवजी नायट्रेटाच्या रूपात देतात. तो आकडा ४.४३ पट असतो. अहवाल वाचताना हा भेद न पाहिल्यास गंभीर चूक होते. खोड उभे चिरून त्यावर डायफेनिल अमाइनाचा गंधकाम्लातील विद्राव टाकला असता येणारा गडद निळा रंग नायट्रेट बरेच असल्याचे दर्शवितो. मात्र हा विद्राव दाहक असल्याने चाचणी जाणकाराकडून करून घेतात.

खताची मात्रा व देण्याची रीत : मात्रा ठरविताना अपेक्षित उत्पादनातून किती नायट्रोजन शेताबाहेर जाणार, हे प्रथम पाहतात. ६ टन शुष्क पदार्थात ८ टक्के क्रूड प्रथिने असल्यास सु. ७७ किग्रॅ. व १२ टक्के असल्यास सु. ११५ किग्रॅ. नायट्रोजन जातो. जमीन, शेणखत व आधीचे शिंबावंत पीक यांच्याकडून मिळणारा वाटा यातून वजा करतात आणि दिलेल्या खताचा एक भाग वाया जातो हे जमेस धरतात. भारतात ओलिताखालील ओटासाठी सामान्यतः हेक्टरी ८० ते १२० किग्रॅ. नायट्रोजनाची शिफारस करण्यात येते. यूरियात ४६ टक्के नायट्रोजन असल्याने १२० किग्रॅ. नायट्रोजनासाठी सु. २६१ किग्रॅ. यूरिया, म्हणजे ४५ किग्रॅ. वजनाच्या सु. सहा गोणी लागतात.

सर्व मात्रा एकदम न देता निम्मी पेरणीच्या वेळी व उरलेली ३० ते ३५ दिवसांनी वरखत म्हणून पाण्याच्या पाळीबरोबर देतात. दोन वा अधिक कापण्या घ्यावयाच्या असल्यास प्रत्येक कापणीनंतर एक हप्ता राखून ठेवतात. कापणीच्या तोंडावर दिलेले खत वाढीच्या उपयोगी पडत नाही. ते नायट्रेटाच्या रूपात खोडात राहते. ओलसर जमिनीवर पसरून तसाच ठेवलेला यूरिया उष्ण हवेत अमोनियाच्या रूपाने उडून जातो. म्हणून तो मातीत मिसळतात किंवा लगेच पाणी देतात. भारतात २०१५ पासून देशात विकला जाणारा यूरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच तयार करणे बंधनकारक झाले. या लेपामुळे अमोनियाचे नायट्रेटात होणारे रूपांतर मंदावते.

वैरणीबरोबर दर टन शुष्क पदार्थामागे सु. २० किग्रॅ. पोटॅशियमही शेतातून जाते. त्यामुळे एकट्या नायट्रोजनाचा सतत वापर केल्यास काही वर्षांनी प्रतिसाद घटतो. अमोनियायुक्त खते दीर्घकाळ वापरल्यास जमीन अम्लधर्मी होते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे जे. बी. लॉझ व जे. एच. गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये सुरू केलेल्या व आजही चालू असलेल्या कायम कुरणाच्या प्रयोगात अमोनियम सल्फेट दिलेल्या वाफ्यांत जमीन अम्ल होऊन वनस्पतींच्या जातींची संख्या फार घटल्याचे दिसून आले आहे. ते कुरण बहुवर्षायू असले, तरी अम्लतेचा धडा वर्षायू पिकांनाही लागू पडतो. ओटाबरोबर बरसीम वा वाटाणा यांचे मिश्र पीक घेतल्यास खताची गरज कमी होऊन प्रथिने वाढतात. मात्र अशा मिश्रणास नायट्रोजन जास्त दिल्यास गवत माजते व शिंबावंत पीक दबून जाते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : कोकणात व घाटमाथ्यावर गवत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलोऱ्यात येते, परंतु त्या वेळी पाऊस चालू असल्याने ते वाळविता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी होईतो बी झडून गेलेले असते व गवतात प्रथिने फारच थोडी उरतात. अशा गवताला नायट्रोजन दिल्यास पेंढ्यांची संख्या वाढते, प्रत फारशी सुधारत नाही. याउलट रब्बी हंगामात ओलिताखाली घेतलेला ओट कोरड्या, स्वच्छ हवेत फुलोऱ्यावर येतो. कापणीची योग्य अवस्था व वाळवणीस योग्य हवा यांची गाठ येथे पडत असल्याने खताचे पूर्ण मोल वैरणीत उतरू शकते. राज्यातील काळ्या जमिनींत नायट्रोजनाची सर्वसाधारणपणे वाण असून चुनखडीमुळे अम्लतेचा धोका कमी असतो. कोकणातील जांभ्या जमिनींत मात्र तो लक्षात घ्यावा लागतो.

अवर्षणप्रवण भागात खरी काळजी खरिपात घ्यावी लागते. दाण्याच्या अपेक्षेने पूर्ण मात्रा दिलेली ज्वारी, बाजरी वा मका पावसाच्या दीर्घ उघडिपीने होरपळली, की शेतकरी ती वैरण म्हणून कापून घेतो. खत भरपूर व वाढ खुंटलेली, अशा या पिकात नायट्रेट साठण्याची सर्व कारणे एकत्र आलेली असतात आणि वैरणटंचाईमुळे जनावरे उपाशी असतात. उपाशी जनावर एका वेळी भराभर खाते, त्यामुळे बाधाही तीव्र होते. अशी वैरण बुंध्याचा वीतभर भाग शेतात सोडून कापणे, पाऊस पडल्यास आठवडाभर थांबून कापणे, शक्य तेथे मुरघास करणे, नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे आणि प्रथम दुसरी वैरण देऊन मग ही थोडी थोडी, दिवसातून अनेक वेळा घालणे या उपायांनी टंचाईच्या वर्षातही तिचा उपयोग करता येतो.